मदत हवी आहे: लुआर खोऱ्यातले शातो आणि बागा, गाडी न चालवता आणि गुडघे सांभाळून

मोगरा_ठाणे

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या शेवटी पॅरिसला जातोय. नणंद तिथेच असते, त्यामुळे राहण्याचा प्रश्न नाही. पॅरिस उरकल्यावर हाताशी चार-पाच दिवस उरतात, ते लुआर नदीकाठच्या शातोंसाठी, म्हणजे फ्रेंच किल्ले-महालांसाठी, ठेवावेत असं मनात आहे.

आम्ही चौघं. सासूबाईंना चालायला आवडतं, पण सपाटीवर, आणि अधूनमधून टेकायला बाक हवा. जिने दिसले की गुडघे कुरकुरतात. त्यांना राजाराणीच्या पलंगांचं कौतुक नाही, बागा बघायच्यात. गच्चीत कुंड्यांचं रान माजवलंय त्यांनी, तेव्हा प्रत्येक वाफ्यापाशी पाच मिनिटं धरूनच चाला. नवरा सह्याद्रीत भटकलेला. बुरूज नसेल त्याला तो किल्ला म्हणायला तयार नाही. लेक नऊ वर्षांची, टिनटिनच्या चित्रकथांची वेडी.

गाडी भाड्याने घेणार नाही. नवऱ्याला रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची भीती वाटत नाही, मला त्याच्या शेजारी बसायची वाटते.

एका टूरवाल्याने दिवसात चार शातोंचा कार्यक्रम पाठवलाय. जमतं का हे? मुक्काम कुठे करावा? बागेत बसून डबा खाल्ला तर चालतो का? आणि व्हर्साय करावं की सोडावं? शाकाहारी आहोत, हेही लक्षात असू द्या.

रानवारा

चार शातो एका दिवसात म्हणजे चार पार्किंग बघून याल. दिवसाला एक, फार तर दीड.

मुक्काम तूरला करा. पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनवरून टीजीव्ही या वेगवान रेल्वेने सव्वा तासात सां-पिएर-दे-कोर, तिथून पाच मिनिटांवर तूर. छोट्या गाड्या सगळ्या तिथूनच सुटतात.

पहिला दिवस शनाँसोला द्या. तूरहून रेल्वेने अर्धा तास, आणि स्टेशन शातोच्या फाटकाला लागूनच. गाड्या मोजक्या आहेत, परतीची वेळ आधी बघून ठेवा. आत शिरलं की दोन्ही बाजूंना आपल्या चिनाराच्या भाऊबंदांची सरळसोट, सपाट वाट. शातो शेर नदीवर आडवा घातलाय. पुलावरचं दालन ६० मीटर लांब, १८ खिडक्या, काळ्यापांढऱ्या फरश्या. पहिल्या महायुद्धात इथे जखमी सैनिकांचं इस्पितळ होतं. दुसऱ्यात ही नदीच सीमारेषा झाली: मुख्य दार जर्मनांच्या ताब्यातल्या भागात, दालनाचं पलीकडचं दार मुक्त भागात.

बागा दोन. एक दियान द प्वातिएची, म्हणजे राजा दुसऱ्या हेन्रीच्या लाडकीची. दुसरी बाग त्याच्या राणीची, कातरिनची. १५५९ मध्ये राजा गेला आणि राणीने दियानला शोमोंचा शातो देऊन शनाँसो तिच्याकडून काढून घेतला. सवतीमत्सर इतका नीट छाटून ठेवलेला मी तरी दुसरीकडे पाहिला नाही. पण आईंना खरी मजा येईल ती बाजूच्या फुलशेतीत. शातोतल्या खोल्यांमध्ये ताजी फुलं सजवतात, ती तिथूनच तोडून आणलेली असतात.

दुसरा दिवस व्हिलाँद्री, आणि हे चुकवू नका. फक्त बागेचं वेगळं तिकीट मिळतं, आत जायची सक्ती नाही. १९०६ साली होआकिम कार्व्हालो नावाच्या स्पॅनिश डॉक्टराने हा शातो घेतला, तिथला इंग्लिश वळणाचा पार्क काढून टाकला आणि सोळाव्या शतकाच्या धर्तीची बाग नव्याने उभी केली. भाजीपाल्याचे नऊ मोठे चौकोन, प्रत्येकाची नक्षी वेगळी. जांभळ्या कोबीच्या ओळीला निळसर लीकची किनार, मधे मिरच्या नाहीतर भोपळे. सप्टेंबरात सगळं भरात असतं. तूरहून मिनिबसच्या अर्ध्या दिवसाच्या सहली निघतात, त्यातली घ्या.

गडवेडा

वहिनी, दादांची बाजू मी घेतो. लुआरचे गाजलेले शातो म्हणजे बहुतेक राजेरजवाड्यांचे हौसेचे महाल. बुरूज हवेत तर आँजेला जा, तूरहून रेल्वेने साधारण तास. तेराव्या शतकात नवव्या लुईच्या काळात बांधलेला किल्ला, १७ बुरूज, काळ्या पाटीचे आणि पांढऱ्या दगडाचे आडवे पट्टे. खंदकात आता आखीव बाग आहे, म्हणजे आईंचीही सोय. आत चौदाव्या शतकातला भिंतपडदा आहे, जगबुडीच्या देखाव्यांचा, आज उरलाय तोही शंभर मीटरच्या वर भरतो. तो जपायला दालनात उजेड अगदी मंद ठेवलाय. डोळे सरावेपर्यंत आईंचा हात धरा.

दुसरा पर्याय लोश. तिथला चौकोनी मनोरा अकराव्या शतकातला, ३६ मीटर उंच. चढायची हौस दादांनी एकट्याने भागवावी.

चकली_भाजणी

शाँबोर राहिलं की! ब्ल्वा स्टेशनवरून हंगामात बस मिळते, ती शव्हेर्नीलाही जाते. लेकीला शव्हेर्नी हवंच: टिनटिनमधल्या कॅप्टन हॅडॉकचा वाडा यावरूनच काढलाय, कडेचे दोन मनोरे वगळून. तिथे शिकारी कुत्र्यांचा मोठा ताफा आहे, त्यांच्या जेवणाची वेळ गाठा. ती शिस्त बघून माझ्या मुलांनी दोन दिवस ताटं स्वच्छ केली.

शाँबोर १५१९ मध्ये पहिल्या फ्रान्स्वाने काढलं. दुहेरी जिना प्रसिद्ध आहे: दोघं दोन बाजूंनी चढतात, झरोक्यांतून एकमेकांना दिसतात, पण गाठ पडत नाही. आईंनी तो खालून बघितला तरी पुरे. खरा ऐवज बाहेर आहे. ५,४४० हेक्टरचं रान आणि त्याभोवती ३२ किलोमीटरची भिंत! लोकांना त्यातला थोडाच भाग खुला असतो, बाकी हरणं आणि रानडुकरं. तुम्ही जाताय तेव्हा सांबरासारख्या मोठ्या नरांचा माज चालू असतो, संध्याकाळी त्यांचं ओरडणं ऐकू येतं.

शाकाहाराबद्दल: बेकरीतली किश (अंडं-मलईचा खारा पाय) निरागस दिसते, पण साध्या किशमध्ये बहुधा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. आणि नुसतं 'मांस नको' म्हटलंत तर मासा येऊ शकतो. दोन्ही नको म्हणून स्पष्ट सांगा.

टवाळ_आजोबा

व्हर्साय करायचं असेल तर सोमवार सोडून. सोमवारी शातो बंद. डब्याचं म्हणाल तर आखीव बागेत मनाई, पलीकडच्या मोकळ्या पार्कात चालतं. कारंजी सुरू असतात त्या दिवशी बागेलाही तिकीट लागतं. गर्दी, फरसबंदी आणि खडी. मी असतो तर आईंना तिथे नेलं नसतं. त्यापेक्षा फोंतेनब्लो. पॅरिसच्या गार द लियों स्टेशनवरून रेल्वेने पाऊण तासाच्या आत, पुढे बस. बागा आणि पार्क फुकट, तळ्यात नाव वल्हवता येते. नेपोलियनने १८१४ मध्ये आपल्या पहारेकऱ्यांचा निरोप घेतला तो नालाच्या आकाराचा जिनाही बाहेरूनच दिसतो. मंगळवारी महाल बंद असतो.

मोगरा_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. टूरवाल्याला नकार कळवला. तूरला मुक्काम, शनाँसो, व्हिलाँद्री, आँजे आणि एक दिवस शाँबोर-शव्हेर्नी. व्हर्साय रद्द, पॅरिसला परतल्यावर फोंतेनब्लो. आई कालपासून लीक म्हणजे नक्की कसली पात म्हणून विचारताहेत.

एकच शंका. हरणांसाठी शाँबोरला अंधार पडेपर्यंत थांबलो तर ब्ल्वाला परतायला बस मिळेल?

चकली_भाजणी

बसच्या भरवशावर थांबू नका. ब्ल्वाहूनच टॅक्सी परतीसकट ठरवून घ्या, चौघांत परवडते. त्या दिवशी शव्हेर्नी सकाळीच उरका, आणि आईंसाठी शाल घ्या. झाडीत सूर्य कलला की लगेच गारठा पडतो.