तंबूच्या शेजारी रात्रभर दणदण, तुम्ही काय केलंत? (अनुभव धागा)

डिसेंबरात तोरणमाळला गेलेलो. मी, नवरा, नणंद, नंदोई आणि दोघींची मिळून चार पोरं. शहाद्याकडून सातपायरी घाट चढेपर्यंत धाकट्याने दोनदा ओकून घेतलं, पण वर पोचल्यावर थंडी अशी मस्त होती की सगळं विसरलो. तलावाजवळ एका खाजगी जागेत तीन तंबू घेतले होते, जेवण आमचंच, कळण्याच्या भाकरी घरून बांधून नेलेल्या. पोरं साडेनवाला झोपली आणि पावणेदहाला शेजारी दोन गाड्या येऊन थांबल्या. आठ-दहा जण, आणि पाण्याच्या जारएवढा स्पीकर.

नवरा म्हणे जाऊ दे, बारापर्यंत थकतील. नाही थकले. साडेबाराला मीच माकडटोपी घालून गेले, तर एक मुलगा अगदी अदबीने म्हणतो, "ताई बस शेवटचं गाणं." असली शेवटची चार गाणी झाली. मग नणंद उठली. ती जाऊन आवाजाबद्दल एक शब्द बोलली नाही, फक्त विचारलं, "कोनता गावना शेतस रे तुम्ही?" दोन मिनिटांत निघालं की त्यातल्या एकाचा काका आणि नणंदेचे सासरे एकाच जिनिंगवर कामाला होते. स्पीकर बंद! वर सकाळी आमच्या खुर्च्यासुद्धा त्यांनीच उचलून गाडीत ठेवल्या.

छान झालं, पण मला तेव्हापासून एकच प्रश्न पडलाय, ओळख निघाली नसती तर? तुमचे अनुभव लिहा. फसलेले पण चालतील.

भुसावळकर

अख्खी नोकरी रेल्वेत, राहायला क्वार्टर, रुळांपासून शंभर पावलांवर. मालगाडी गेली तरी माझी कूस बदलत नाही. पण मागच्या वर्षी एका धरणाच्या काठावर नातवंडांबरोबर तंबूत राहिलो आणि पहाटे तीनपर्यंत टक्क जागा. बायको म्हणे तुम्हाला गाडीचं टाइमटेबल माहीत असतं म्हणून झोप लागते, ह्या पोरांचं टाइमटेबल कुठंय.

एक गोष्ट सांगतो जी जागा बघताना कोणी लक्षात घेत नाही. दिवसा जमीन तापलेली असते, आवाज वर वर निघून जातो. रात्री उलट, पाण्यालगतची हवा गार आणि वरची त्यापेक्षा उबदार, मग आवाज वरून वळून परत खाली येतो आणि पाण्यावरून लांब लांबपर्यंत सरपटत जातो. आमच्यापासून तो ग्रुप चांगला तीन-चारशे मीटर लांब, पलीकडच्या काठावर होता! आणि तंबूचं कापड म्हणजे आवाजाला काहीच नाही, त्यातून ती बासची धुमधुम छातीतच वाजते. तेव्हा पाण्याच्या अगदी कडेला तंबू लावायची हौस असेल तर पलीकडच्या काठाकडे पण बघा. मधे बांध नाहीतर टेकाड असलेली जागा मिळाली तर बरं. मी आता फोटोपेक्षा हे बघतो.

चाळीसगाववाली

"कोणत्या गावचे" हा उपाय आमच्या अंगाशी आलाय. पाटणादेवीच्या बाजूला ओळखीच्यांच्या मळ्यात तंबू लावलेला, सकाळी लवकर उठून देवीचं दर्शन आणि मग जंगलात चालायला जायचं असं ठरलेलं. शेजारच्या मळ्यात मोठं कुटुंब, अंताक्षरी चालू, म्हाताऱ्या माणसांपासून सगळे बेंबीच्या देठापासून. आमचे हे गेले आणि गाव विचारलं. निघाले माझ्या मावससासूच्या माहेरचे. झालं, ते सगळेच्या सगळे चहाला आमच्याकडे आले, साखर संपली, दूध संपलं, कोणाच्या लग्नात कोण रुसलं होतं इथपर्यंत विषय गेले आणि रात्री दीडला दुसऱ्या बाजूच्या तंबूतून एक गृहस्थ बाहेर येऊन मलाच म्हणाले, वहिनी जरा हळू बोलता का.

दर्शन अकराला झालं.

धुळ्याहून

खरं सांगू का, आम्हीच ते त्रास देणारे शेजारी होतो. गाणी नाही, दारू नाही, आणि तरी पण. आमच्याकडे हिवाळ्यात कुठंही जायचं म्हणजे भरीत आलंच, तर बामणोदची वांगी पोतंभर, तुरीच्या काड्या, बडगी सगळं गाडीत घालून आम्ही चौदा जण. दुपारच्या जेवणाचं काम पहाटेच उरकून घेऊ असं आईने ठरवलं. साडेपाचला जाळ, सहाला वांगी बडगीत ठेचायला सुरुवात, धब्ब धब्ब धब्ब, लाकडावर लाकूड, त्यात काका लांबून विचारताहेत मिरच्या किती, आई इकडून ओरडून सांगतेय. आम्हाला वाटलं सकाळ झाली की आवाजाला हरकत कसली.

शेजारच्या तंबूतून एक बाई आली, कडेवर तान्हं बाळ, डोळे लाल. काही बोलली नाही, नुसती उभी राहिली. ते मला आजपर्यंत टोचतं. ते बाळ म्हणे चारला झोपलेलं. आईने तिला आधी खुर्ची दिली मग भरीत-पुरी दिली, पण झोप कुठून देणार. आणि तेव्हा कळलं की आम्ही रात्रभर गाड्यांची दारं आपटत होतो, लॉक करताना ते पीं-पीं, ते पण तिने मोजलेलं होतं. अकरा वेळा.

शहादा

सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तजयंतीला तंबूत राहायची हौस आम्ही एकदा केली. तापीकाठ, घोडे बघायचे, पोरांना नाचणारा घोडा बघायचा होता. रात्री लाउडस्पीकर, पाळणे, घोड्यांचं खिंकाळणं, कोणीतरी हरवल्याची अनाउन्समेंट. पण तिथे तक्रार कोणाकडे करणार, यात्राच ती. आपण आवाजात राहायला गेलो होतो. पुढच्या वर्षी दिवसा गेलो आणि रात्री घरी. विषय संपला.

वकीलसाहेब नाही, वकिलाची बायको

वरचे सगळे गोड अनुभव वाचले, आता एक कडू. आमच्या शेजारचे प्यायलेले होते. असल्या लोकांकडे बाईमाणसाने एकटं जाऊन गाव विचारत बसू नये, हे आधी सांगते. नणंदेचं नशीब चांगलं म्हणा, किंवा पोरं चांगली होती म्हणा.

आम्ही आधी जागेच्या मालकाला फोन केला, त्याने "सांगतो सांगतो" म्हणून फोन बंदच करून टाकला. मग ११२. नियम काय आहे ते नवऱ्याने इतक्यांदा ऐकवलंय की पाठ झालंय: २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सणासुदीला सरकार १२ पर्यंत सूट देऊ शकतं पण वर्षातून फार तर १५ दिवस, आणि कोणाच्या वाढदिवसाला ती लागू होत नाही. पोलीस आले, पाऊण तास लागला, आडबाजूची जागा म्हटल्यावर तेवढं होणारच. स्पीकर बंद झाला. पण नंतर ते लोक आमच्या तंबूभोवती मुद्दाम गाडी फिरवत राहिले, हेडलाइट आत. पोरगी घाबरली. आम्ही तीन वाजता सामान गोळा करून घरी निघून आलो. तक्रार केली हे चुकलं असं मी म्हणणार नाही, पण पोलीस असतानाच निघायला हवं होतं, हे मात्र नक्की.

चोपडा-यावल पट्ट्यातून, मी जागा चालवतो

दुसऱ्या बाजूचं पण ऐका भो. सातपुड्याच्या पायथ्याशी माझे फक्त नऊ तंबू. पहिल्या सीझनला मी पण त्या वरच्या मालकासारखाच होतो, गिऱ्हाईक तुटेल म्हणून गप्प. मग एका फॅमिलीने रात्री बाराला पैसे परत मागितले आणि त्या रात्रीचं भाडं तर गेलंच, पुढच्या तीन बुकिंगा पण गेल्या, सगळे एकमेकांचे नातेवाईक.

आता पोरांचा ग्रुप आला तर विहिरीच्या पलीकडे, फॅमिली अलीकडे, मधे केळीचा मळा. केळीची पानं आवाज किती अडवतात माहीत नाही, पण अंतर पडतं आणि ते एकमेकांना दिसत नाहीत, त्यानेच निम्मी भांडणं कमी झाली. स्पीकर गेटवरच बघून घेतो, मोठा असेल तर माझ्या खोलीत ठेवायचा. साडेदहाला जनरेटर बंद. चार्जिंग संपलं की उत्साह पण संपतो.

बुकिंग करताना एवढंच विचारत जा की रात्री तुम्ही स्वतः तिथे झोपता का. मालक घरी झोपायला जात असेल तर ती जागा फॅमिलीसाठी नाही.

नंदुरबार

आमनं काम सोपं शे. नऊ वाजता, आवाज चालू व्हवाना आधीच, मी शेजारला जाईसन शेव देस, घरनी तिखी शेव. आणि सांगस, "पोरे झोपेल शेतस भो, दहा नंतर जरासं धिरे वाजाडा." ज्याने आपली शेव खाल्ली तो मोठ्याने वाजवत नाही. पाचातून चार वेळा चालतं. पाचव्या वेळी त्यांनी शेव संपवली आणि अजून आहे का म्हणून विचारायला रात्री साडेबाराला आले.

धागा काढणारी

सगळं वाचलं, धुळेवाल्यांचं तर नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं कारण गाडीचं पीं-पीं आमचंच असतं. वकीलवहिनी, तुमचं वाचून पोटात गोळा आला, आम्ही खरंच नशीबवान. जानेवारीत पालला जायचं ठरतंय. जागेच्या मालकाला फोन केला, रात्री तिथेच झोपतो म्हणाला. दीड किलो शेव सांगून ठेवलीय. आणि नणंदेला विचारलं, ती पण येतेय.