हजेरीपटात नाव नसलं तरी

‘हजेरीपटात (सैन्यातल्या शिपायांच्या यादीत) नाव नाही, म्हणजे आपल्या गावातला तो पूर्वज अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात नव्हताच’ असं कुणी म्हटलं, तर ते पटत नाही. नोव्हेंबर १८०० मध्ये युद्धखात्याच्या कचेरीला आग लागली आणि ढीगभर कागद जळाले, म्हणून यादीत नाव नसणं हा पुरावा नव्हे. त्यापेक्षा शिपायांच्या पेन्शनच्या फायली बघा.

१८२० च्या कायद्यानं पेन्शनसाठी गरिबी दाखवावी लागे, म्हणून म्हातारे शिपाई कोर्टात मालमत्तेची यादी देत. कपडे-अंथरूण तेवढं वगळून. शेजाऱ्यांसाठी शोधताना मी वाचलेल्या यादीत एक गाय, दोन डुकरं नि एक फुटकी किटली होती. (किटलीचीही किंमत लावलेली!) विधवांच्या फायलींत तर लग्नाचा पुरावा म्हणून घरच्या बायबलची फाडलेली पानंच सापडतात, पोरांच्या जन्मतारखांसकट.