'अलर्ट'ला भिंतीवर काय लिहू? इशारा, सूचना, चेतावणी आणि ईज

धुऱ्यावरून (आर्णी, जि. यवतमाळ)

मी ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे. पावसाळ्यात फोनवर हवामानाचे संदेश येतात, ते मी मारुतीच्या देवळावरच्या भोंग्यावरून वाचते. निंदायला गेलेल्या बायांकडे फोन असतात, पण ते डब्याच्या पिशवीत, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर. भोंगा मात्र वावरात ऐकू जातो.

जुलैतल्या एका दुपारी आलेला संदेश मी जसाच्या तसा वाचला. पुढच्या तीन तासांत विजांच्या कडकडाटासह पावसाची शक्यता, येलो अलर्ट, नागरिकांनी दक्षता घ्यावी, असा मजकूर होता. शेजारच्या काकूनं तो ऐकून विहिरीवरच्या मोटरचं स्टार्टर बंद केलं, सोबतच्या दोघींना हाक मारली आणि तिघी कडुलिंबाखाली जाऊन बसल्या. संध्याकाळी मला म्हणाली, "तूच तं सांगतलं ना बाई, विजेचं जपा म्हनून. म्या लाईन बंद केली."

आमच्याकडे आभाळातली ती ईज. वीज म्हणजे जिचं बिल येतं ती, आणि तिलाही रोजच्या बोलण्यात लाईनच म्हणतात. त्या दिवशी ईज दूर कुठंतरी पडली, काही झालं नाही. मला मात्र रात्रभर तो कडुलिंबच दिसत राहिला.

आता पंचायतीनं शाळेच्या भिंतीवर हवामानाच्या संदेशांच्या चार रंगांचा तक्ता काढायचं ठरवलं आहे. मजकूर मी द्यायचा आहे. 'अलर्ट'ला कोणता शब्द लिहू? इशारा, सूचना, चेतावणी, दक्षता, सावधान हे पाच माझ्या कागदावर आहेत.

जुना मास्तर (अकोला)

ताई, काकूंनी जो अर्थ घरात ऐकला तोच घेतला. चूक संदेशाची आहे. पाचही शब्द एकेक करून बघू.

'इशारा' अरबीतून फारसीमार्गे आला. मूळ अर्थ खूण, हाताने किंवा डोळ्याने केलेली. जुन्या मराठीत 'इशारत' आहे, इशारतीची तोफ उडायची. हिंदीत तो अजून खुणेपाशीच आहे. मराठीत तो पुढे सरकून 'पुढे वाईट आहे, जपा' इथपर्यंत आला. पण वर्तमानपत्रांनी त्याला आणखी एक रंग दिला: 'रस्ता रोकोचा इशारा', 'उपोषणाचा इशारा'. तिथे तो धमकीच्या शेजारी बसतो. आणि आपल्या भागात हिंदी कानावर रोज पडते, त्यामुळे खुणेचा अर्थही जिवंत आहे. तरी पाचांत सर्वांत भक्कम शब्द हाच.

'सूचना' घेऊ नका. मराठीत सूचना म्हणजे काय करावं ते सांगणं, किंवा नुसतं सुचवणं. 'हरकती व सूचना' मागवतात, नागपूरच्या अधिवेशनात 'लक्षवेधी सूचना' मांडतात. हिंदीत सूचना म्हणजे माहिती. आपण ज्याला माहितीचा अधिकार म्हणतो त्याला हिंदीत 'सूचना का अधिकार' म्हणतात. हिंदीवरून उतरवलेल्या संदेशात 'सूचना' आली तर ती बातमी आहे की आज्ञा, हे ऐकणाऱ्याला कळायचं कसं?

'चेतावणी'बद्दल मला जास्त काळजी वाटते. हिंदी 'चेतावनी' म्हणजे सावध करणं. मराठी 'चेतवणे' म्हणजे पेटवणं, भडकावणं. कोणी चेतावणी दिली म्हणजे कोणाला तरी उचकवून दिलं. धातू एकच, चित्. एका भाषेत तो जागं करतो, दुसरीत आग लावतो. तुमच्या गावाला हिंदी अर्थ समजेलही, पण शाळेच्या भिंतीवर तो मराठी म्हणून लिहू नये असं मला मनापासून वाटतं.

'दक्षता' कागदावरचा शब्द आहे. दक्षता समिती असते. वावरात दक्षता कोणी घेत नाही, जपतात.

राहिला 'सावधान'. स आणि अवधान, म्हणजे लक्ष जाग्यावर असलेला. हा शब्द प्रत्येकाच्या कानात शाळेच्या कवायतीतून आणि मंगलाष्टकांतून बसलेला आहे. 'शुभमंगल सावधान' ऐकून बोहल्यावरून निघालेल्या नारायणाची, म्हणजे समर्थ रामदासांची आख्यायिका आपल्याला ठाऊक आहेच. एका शब्दावर माणूस हलला, इतकं बळ त्यात आहे. पण किती सावध, कशापासून, हे तो एकटा सांगू शकत नाही.

पऱ्हाटी (पांढरकवडा)

मी कृषी सहायक. मास्तरांनी शब्द सांगितले, मी रंगांचं सांगतो, कारण भिंतीवर रंग आधी दिसणार.

हवामान खात्याच्या रंगांत पिवळा म्हणजे हिरव्याच्या वरची पहिली पायरी, नुसतं लक्ष ठेवा. कीटकनाशकाच्या डब्यावरच्या त्रिकोणात तोच पिवळा अति विषारी असतो, त्याच्या वर फक्त लाल. निळा त्याखाली, हिरवा सर्वांत खाली. आणि हिरवा त्रिकोण असला तरी ते विषच. एकच माणूस सकाळी डबा उघडतो आणि दुपारी तुमचा भोंगा ऐकतो. 2017 च्या हंगामात आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर गेले. मी त्यातल्या काही घरांत गेलो आहे. तेव्हापासून 'पिवळा' हा शब्द मी एकटा उच्चारत नाही. 'आभाळाचा पिवळा', 'डब्यावरचा पिवळा' असंच म्हणतो. त्या विषाला सगळे 'औषध' म्हणतात, दुकानदारसुद्धा. तो वेगळ्या चर्चेचा विषय आहे, पण तो शब्द मला रोज टोचतो.

दुसरा घोळ 'अतिवृष्टी'चा. हवामान खातं 24 तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर पावसाला 'जोरदार'च्या पायरीवर ठेवतं, त्यापुढे 204.4 पर्यंत 'अति', त्याच्याही पुढे तिसरी पायरी. महसुलात मात्र मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरवर पाऊस गेला की 'अतिवृष्टी'. म्हणजे तिकडची पहिली पायरी आणि इकडची 'अति' जवळजवळ एकच. त्यामुळे 'अतिवृष्टीचा इशारा' म्हटलं की कास्तकाराच्या मनात पंचनामा येतो, तलाठी येतो, भरपाई येते. नाल्यापलीकडची ढोरं येत नाहीत.

'सल्ला' आणि 'इशारा' हेही एका भोंग्यावरून एका सुरात वाचू नका. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले तर गुलाबी बोंडअळीसाठी फवारणी करा, हा सल्ला. त्यावर घरी बसून विचार करता येतो, पैसे आहेत का ते बघता येतं. इजेच्या वेळी तसा विचार करायला सवड नसते. (कामगंध हा शब्द कोणी घडवला त्याला माझा नमस्कार. फेरोमोन समजावून सांगायला मला अर्धा तास लागायचा.)

चांदूरचा (अमरावती)

'अलर्ट'च ठेवा ना. टीव्हीवर, पेपरात, पोट्ट्यांच्या तोंडी तोच आहे. नवा शब्द शिकवण्यात दोन पावसाळे जातील.

धुऱ्यावरून

भाऊ, मलाही आधी तसंच वाटलं. म्हणून काल पिठाच्या गिरणीवर सहा जणींना विचारलं, येलो अलर्ट म्हणजे काय. सहाही जणी म्हणाल्या, "अलर्ट राहाचं." मग रेड अलर्ट म्हणजे? "जास्त अलर्ट राहाचं." काय करायचं, ते एकीलाही सांगता आलं नाही. शब्द ओळखीचा आहे, पण पिवळ्यात आणि लालमध्ये फरक करायला तो पुरत नाही.

कोडवाला (मूळ वरोरा, आता पुणे)

ताईंच्या गिरणीवरचं उत्तर अगदी नेमकं आहे, कारण घोळ भाषांतरातच झाला आहे. हवामान खात्याच्या मूळ इंग्रजी मांडणीत तीन रंगांना तीन वेगळी नावं आहेत. पिवळा 'वॉच', नारंगी 'अलर्ट', लाल 'वॉर्निंग'. म्हणजे 'अलर्ट' खरा फक्त नारंगीचा. आपल्या बातम्यांनी तिन्हींना 'अलर्ट' म्हटलं आणि पायऱ्या पुसून टाकल्या.

मी अशा संदेशांच्या प्रणालीवर काम करतो. धोक्याचे संदेश जगभर एका ठरलेल्या साच्यात लिहिले जातात, आपल्याकडची 'सचेत' ही सरकारी संदेश-प्रणालीही त्याच साच्यावर चालते. त्यात तीन रकाने वेगळे असतात: किती वाईट, किती लवकर आणि किती खात्रीचं. मराठीत उतरवताना तिन्ही एका 'शक्यता'त कोंबले जातात. वरोऱ्याची माझी आजी ते क्रियापदानं वेगळं करायची. 'पानी येईन' म्हणजे अंदाज. 'पानी येते आता' म्हणजे वाळवण उचला. 'पानी येऊन राह्यला' म्हणजे पळा. साच्यातले लवकर आणि खात्री हे दोन्ही रकाने तिच्या तीन वाक्यांत भरलेले आहेत. आमचे संदेश मात्र सगळे 'होण्याची शक्यता आहे'वर संपतात, ईज वीस किलोमीटरवर असली तरी.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' अॅप तुमच्या जागेपासून 20 आणि 40 किलोमीटरच्या वर्तुळात ईज पडते आहे का ते दाखवतं. हे भाकीत नाही. सेन्सरना पडलेली ईज कळलेली असते. त्याला 'शक्यता' म्हणणं म्हणजे डोळ्यांनी बघितलेल्यावर अविश्वास दाखवणं.

मोहर्लीकडचा (चंद्रपूर)

आमच्याकडे वाघाचं असंच. ताडोबाजवळच्या सीतारामपेठेत गावाच्या कडेनं कॅमेरे आहेत, वाघ दिसला की यंत्र ओळखतं आणि फोनवर निरोप येतो. मी मुद्दाम 'निरोप' लिहिलं, आमची म्हातारी माणसं तसंच म्हणतात. आता त्या निरोपात 'वाघ' लिहिला तर अर्ध्या गावाला बिबटही वाघच. बिबट झाडावर चढतो, घराच्या वळचणीला येतो, कुत्रं उचलतो. दोघांपासून जपायची रीत वेगळी. म्हणून आम्ही 'पट्ट्याचा' आणि 'ठिपक्याचा' म्हणतो. रात्री तर नावही घेत नाही, 'जनावर' म्हणतो.

या सगळ्या यंत्रांना मिळून मी एक शब्द सुचवतो: जागल. धानाच्या बांधीवर, तुरीच्या वावरात रात्री डुकरं हाकलायला माणूस मचाणावर जातो ती जागल. जागल्या बघतो आणि हाक देतो. उठायचं का, काठी घ्यायची का, दार लावायचं, हे घरातला माणूस ठरवतो.

जुना मास्तर

उत्तम शब्द. 'जागल्या' हा गावगाड्यातला जुना राखणदार, आणि अलीकडे आतला गैरव्यवहार उघड करणाऱ्यालाही वर्तमानपत्रं तो वापरतात. दोन्हीकडे तो झोपलेल्याला उठवणाराच आहे. पाठ्यपुस्तकात अशा यंत्रणेला 'निर्णय साहाय्य प्रणाली' म्हणतात. त्यातला 'साहाय्य' बोलताना गळतो आणि लोक म्हणू लागतात की संगणकानं ठरवलं. जागल्यानं ठरवलं असं कोणी म्हणणार नाही.

धुऱ्यावरून

सगळ्यांचं ऐकून मजकूर केला. नामं काढून टाकली, क्रियापदं ठेवली. वर शीर्षक 'आभाळाचे रंग', म्हणजे डब्याच्या त्रिकोणाशी गल्लत नको.

हिरवा: काम चालू द्या.
पिवळा: आभाळावर नजर ठेवा. भोंग्याकडे कान ठेवा.
नारंगी: आवरा. ढोरं नाल्याच्या अलीकडे आणा.
लाल: घरी या. नाल्यात पाय घालू नका.

इजेसाठी खाली वेगळी पट्टी: ईज येऊन राहिली. झाडाखालून निघा. पक्क्या घरात जा. घर दूर असेल तर मोकळ्यात पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे होऊ नका.

भोंग्यावर सुरुवातीला तीनदा 'सावधान' म्हणणार, मग रंग, मग ओळ. 'इशारा' फक्त नारंगी आणि लालला. सल्ला वाचायचा तो संध्याकाळी, वेगळ्या वेळी. काकूला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मंग त्या दिशी असं काऊन नाई सांगतलं?"

आता एकच अडलं आहे. सरपंच म्हणतात, शाळेची भिंत आहे, 'ईज' अशुद्ध दिसेल, पोरं तसंच लिहितील.

जुना मास्तर

सरपंचांना सांगा, ती अशुद्ध नाही. संस्कृत विद्युत्, प्राकृत विज्जु, मराठी वीज. वऱ्हाडीत इ-ई पुढे असली की आरंभीचा व गळतो, हा नियम आहे. विचारचा इचार, विळ्याचा इळा, वीसचा ईस. त्याच नियमानं ईज. पोरांना शंका येईल म्हणून कंसात बारीक 'आभाळातली वीज' लिहा. मोठी अक्षरं 'ईज'चीच असू द्या, धुऱ्यावरून वाचता येतील एवढी.