'बाय फ्रायडे' की 'अंटिल फ्रायडे'? एका 'पर्यंत'ला इंग्रजीत दोन शब्द

शाईदौत

ऑफिसच्या मेलमध्ये हमखास दिसणारं वाक्य: 'आय विल सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे.' हे चुकीचं आहे आणि 'बाय फ्रायडे' हवं, एवढं माहीत आहे. पण नियम नेमका काय? मराठीत 'शुक्रवारपर्यंत पाठवतो' आणि 'शुक्रवारपर्यंत थांबतो' दोन्ही चालतं, त्यामुळे इंग्रजी लिहिताना कान काहीच मदत करत नाही. तीन शंका आहेत.

१. 'बाय' कुठे आणि 'अंटिल' कुठे, हे पटकन ओळखायची खूण काय?
२. वाक्य नकारार्थी झालं की काय होतं? 'शुक्रवारपर्यंत येणार नाही' याला दोन्ही शब्द वापरलेले पाहिले आहेत.
३. शुक्रवार धरायचा की सोडायचा?

'टिल' आणि 'अंटिल' यांत काही फरक असेल तर तेही सांगा.

---

तिरकी_रेघ

तारखेकडे बघू नका, क्रियापदाकडे बघा. सगळी गोम तिथे आहे.

काही क्रिया एका क्षणात घडून जातात: पाठवणं, भरणं, पोचणं, परत करणं, उत्तर देणं, ठरवणं, संपवणं. यांच्यासोबत 'बाय'. त्या मुदतीच्या आधी कधीही एकदा घडलं की काम झालं, मग मंगळवारी घडो की शुक्रवारी सकाळी.

काही क्रिया चालू राहतात: थांबणं, राहणं, उघडं किंवा बंद असणं, वैध असणं, चालू ठेवणं, सांभाळणं. यांच्यासोबत 'अंटिल'. इथे तो शब्द शेवटची मर्यादा सांगतो. आतापासून तिथपर्यंत सलग तेच चालू, आणि तिथे ते थांबतं किंवा बदलतं.

म्हणून 'आय विल सेंड द रिपोर्ट अंटिल फ्रायडे' ऐकणाऱ्याला विचित्र वाटतं. त्याला 'शुक्रवार येईपर्यंत रिपोर्ट पाठवतच राहीन' असं ऐकू येतं. गंमत म्हणजे 'आय विल सेंड डेली रिपोर्ट्स अंटिल फ्रायडे' हे अगदी बरोबर आहे, कारण तिथे पाठवणं खरंच रोज चालू आहे.

मराठीतली खूण: 'पर्यंत' काढून 'च्या आत' घालून बघा. 'शुक्रवारच्या आत पाठवतो' बसतं, म्हणजे 'बाय'. 'शुक्रवारच्या आत थांबतो' बसत नाही, म्हणजे 'अंटिल'.

---

नुक्ता

खूण चांगली आहे, पण 'च्या आत' थोडं दगा देतं. 'शुक्रवारच्या आत द्या' म्हटल्यावर निम्मे लोक गुरुवार समजतात. इंग्रजी 'बाय फ्रायडे'मध्ये शुक्रवार धरलेला असतो. त्यापेक्षा 'उशिरात उशिरा' वापरा: 'उशिरात उशिरा शुक्रवारी पाठवतो.' अर्थ तंतोतंत जुळतो आणि तिसऱ्या शंकेचं अर्धं उत्तरही मिळतं. 'अंटिल'साठी उलटी चाचणी, म्हणजे वाक्यात 'तोवर सलग' घालून बघायचं.

खरी मजा येते ती दोन्ही शब्द चालणाऱ्या वाक्यांत, कारण तिथे व्याकरण चुकत नाही, अर्थ चुकतो. आणि तो कुणी दुरुस्तही करत नाही.

'आय विल बी इन द ऑफिस अंटिल टेन': दहापर्यंत आहे, मग निघणार.
'आय विल बी इन द ऑफिस बाय टेन': दहाला किंवा त्याआधी येऊन पोचेन.

एक शब्द बदलला आणि भेटायला येणारा माणूस साडेदहाला आला, तर पहिल्या वाक्यात तुम्ही गेलेले असता, दुसऱ्यात नुकते आलेले. मराठीत 'दहापर्यंत ऑफिसात असेन' या वाक्यातही हा घोळ आहे, पण आपण बोलताना 'येईन', 'पोचेन', 'आहे' अशी क्रियापदं बदलून तो निस्तरतो. इंग्रजीत ते काम 'बाय' आणि 'अंटिल' करतात.

तसंच 'रीड द मॅन्युअल बाय फाइव्ह' म्हणजे पाचपर्यंत वाचून संपवा. 'रीड द मॅन्युअल अंटिल फाइव्ह' म्हणजे पाच वाजेपर्यंत वाचत बसा, संपो न संपो.

---

तिरकी_रेघ

'उशिरात उशिरा' मान्य. माझ्या खुणेपेक्षा ती बरी.

आता नकाराबद्दल. वर म्हटलं की क्षणात होणाऱ्या क्रियेला 'अंटिल' लागत नाही. पण नकार आला की लागतो. कारण 'न येणं' ही क्षणाची घटना नाही, ती चालू राहणारी स्थिती आहे. पार्सल आज आलेलं नाही, उद्याही नसेल, परवाही नसेल. ही सलग अवस्था झाली, मग तिला शेवटची मर्यादा घालता येते.

'द पार्सल वोन्ट अराइव्ह अंटिल फ्रायडे': शुक्रवार उजाडेपर्यंत नाही, शुक्रवारी यायची अपेक्षा आहे.
'द पार्सल वोन्ट अराइव्ह बाय फ्रायडे': शुक्रवार संपला तरी आलेलं नसेल. कधी येईल ते सांगितलेलंच नाही.

मराठीत दोन्हीला 'शुक्रवारपर्यंत पार्सल येणार नाही' म्हणून मोकळे होतो. पुरवठादाराचा असा मेल मराठीत समजून घेऊन पुढे पाठवताना नेमकं इथेच नुकसान होतं. पहिल्या वाक्यावर शनिवारचं काम लावता येतं, दुसऱ्यावर नाही. मराठीत नीट सांगायचं तर पहिल्याला 'शुक्रवारशिवाय येणार नाही' आणि दुसऱ्याला 'शुक्रवार गेला तरी येणार नाही' असं फोडून म्हणावं.

सूचनांमध्येही हेच. 'डोन्ट साइन अंटिल फ्रायडे' म्हणजे शुक्रवारच्या आधी सही करू नका, त्यानंतर करा. 'इफ यू डोन्ट साइन बाय फ्रायडे' म्हणजे शुक्रवारपर्यंत सही झाली नाही तर, आणि पुढे बहुधा धमकी असते.

---

शून्यापासून

मराठीतून इंग्रजीत जाताना होणारी याहून मोठी चूक राहिलीच. 'तो येत नाही तोपर्यंत मी सुरू करणार नाही.' मराठीत दोन्हीकडे 'नाही' आहे. ते तसंच उचललं की 'आय वोन्ट स्टार्ट अंटिल ही डझन्ट कम' तयार होतं. अर्थ निघतो, 'तो न येण्याची वेळ येईपर्यंत सुरू करणार नाही', म्हणजे काहीच नाही. 'अंटिल'च्या पुढे नकार नको: 'आय वोन्ट स्टार्ट अंटिल ही कम्स.' मराठीत 'तो येईपर्यंत' अशी रचना आधी मनात केली की हा दुसरा 'नाही' आपोआप गळतो.

तिथेच आणखी एक: 'अंटिल ही विल कम' नाही. पुढची गोष्ट असली तरी 'अंटिल' आणि 'बाय द टाइम' यांच्या मागोमाग साधा वर्तमानकाळ येतो, 'विल' येत नाही.

आणि 'येईपर्यंत' हे रूपही दुतोंडी आहे. 'तो येईपर्यंत मी थांबलो' इथे 'अंटिल ही केम'. पण 'तो येईपर्यंत ऑफिस बंद झालं होतं' इथे 'बाय द टाइम ही केम, द ऑफिस हॅड क्लोज्ड'. या दुसऱ्या जागी 'अंटिल' घातलं तर ऑफिस बंद व्हायची क्रिया तो येईस्तोवर चालू होती असं होतं. 'बाय' पूर्ण वाक्याला लागत नाही, नुसत्या वेळेला लागतो: 'बाय फाइव्ह', 'बाय मंडे', 'बाय द एंड ऑफ द मंथ'. पुढे पूर्ण वाक्य असेल तर 'बाय द टाइम' लागतं. 'अंटिल'ला ही अट नाही.

काळाचंही बघा. 'बाय'सोबत काम पुरं झालेलं दाखवायचं असेल तर 'आय विल हॅव फिनिश्ड इट बाय फ्रायडे'. 'आय विल फिनिश इट बाय फ्रायडे' हेसुद्धा बरोबर आहे, वचन देताना तेच जास्त चालतं.

---

कलमबंद

तिसऱ्या शंकेवर लिहितो, कारण भांडणं तिथे होतात.

'बाय १५ जून': १५ तारीख धरलेली. 'बिफोर १५ जून': धरलेली नाही, १४ संपली की मुदत संपली. हे दोन एकमेकांच्या जागी वापरू नका. करारात 'ऑन ऑर बिफोर १५ जून' लिहितात ते याच वादाला जागा राहू नये म्हणून.

'अंटिल' मात्र खरंच निसरडं आहे. 'क्लोज्ड अंटिल मंडे' म्हणजे सोमवारी उघडणार, सोमवार सोडलेला. 'ऑफर व्हॅलिड अंटिल ३१ मार्च' म्हटलं की बहुतेक लोक ३१ तारीख धरतात. शब्द तोच, हिशोब उलटा. 'आय अॅम ऑन लीव्ह अंटिल द ट्वेल्फ्थ' हे तर कुणालाच ठाम सांगता येत नाही: काही जण १२ला कामावर शोधतात, काही १३ला.

त्यामुळे पैसा, दंड किंवा रजा यांचा संबंध असेल तिथे नुसतं 'अंटिल' लिहूच नये असं माझं मत आहे. पर्याय सरळ आहेत:

रजेच्या मेलमध्ये परत येण्याची तारीख लिहा, 'बॅक ऑन १३ जून'. रजेचा शेवटचा दिवस लिहायची गरजच उरत नाही.

वैधतेसाठी 'अप टू अँड इन्क्लूडिंग ३१ मार्च'. वाक्य जरा अवघडतं, पण वाद संपतो. अमेरिकी इंग्रजीत यासाठी 'थ्रू' आहे: 'मंडे थ्रू फ्रायडे' म्हणजे शुक्रवार नक्की धरलेला. पण ब्रिटिश वळणाच्या वाचकाला तो तितका ओळखीचा नसतो, तेव्हा वाचणारा कोण हे बघून वापरा.

मुदतीसाठी तारखेसोबत वेळही द्या. 'बाय फ्रायडे' म्हणजे संध्याकाळी ऑफिस सुटेपर्यंत की रात्री बारापर्यंत, हे प्रत्येक जण सोयीने ठरवतो. आणि 'मिडनाइट ऑन फ्रायडे' तर मुळीच नको, कारण गुरुवार संपून शुक्रवार लागतो तो मध्यरात्र की शुक्रवार संपतो तो, हे कळत नाही. '११:५९ पीएम, फ्रायडे' लिहा. दोन देशांत काम असेल तर टाइम झोनही.

---

शाईदौत

नकाराचा भाग आता स्वच्छ झाला. एक उपप्रश्न: 'आतापर्यंत'ला काय? 'टिल नाऊ', 'बाय नाऊ', 'टिल डेट' सगळंच दिसतं.

---

नुक्ता

तिन्हींचे अर्थ वेगळे.

मोजदाद सांगायची असेल आणि ती पुढे वाढणार असेल तर 'सो फार' किंवा 'टू डेट': 'वुई हॅव रिसीव्ह्ड फोर्टी फॉर्म्स सो फार.' 'अंटिल नाऊ' म्हटलं की 'आतापर्यंत असं होतं, आता बदललं' अशी छटा येते. 'अंटिल नाऊ, फॉर्म्स वेअर फ्री' वाचल्यावर वाचणारा खिशाला हात लावतो. 'बाय नाऊ' म्हणजे 'एव्हाना': 'ही शुड हॅव रीच्ड बाय नाऊ', एव्हाना पोचायला हवा होता.

'टिल डेट' भारतीय इंग्रजीत रुळलंय, सरकारी कागदांत तर पक्कं बसलंय. बाहेरच्या वाचकासाठी लिहिताना 'टू डेट' करा.

'टिल' आणि 'अंटिल' अर्थाने एकच. 'टिल' हे 'अंटिल'चं छाटलेलं रूप आहे असा समज आहे, पण दोघांत 'टिल'च जुना. त्यामुळे त्याच्या आधी वर स्वल्पचिन्ह लावून एक 'एल' उडवण्याची गरज नाही. स्पेलिंगमध्ये 'टिल'ला दोन 'एल', 'अंटिल'ला एक. वाक्याच्या सुरुवातीला आणि औपचारिक पत्रात 'अंटिल' जास्त शोभतो, एवढाच फरक.

---

शून्यापासून

वेळ सोडून बाकीच्या 'पर्यंत'ला मात्र यांतला एकही शब्द लावू नका. अंतर असेल तर 'टू' किंवा 'अॅज फार अॅज': 'आय वॉक्ड अॅज फार अॅज द स्टेशन'. 'टिल द स्टेशन' आपल्याकडे सर्रास बोलतात, लिहिताना टाळा. आकडा असेल तर 'अप टू': 'अप टू ५०० पेजेस'. हे दोन शब्द आहेत, जोडून लिहायचे नाहीत.

आणि 'तीन दिवसांत देतो'ला 'विदिन थ्री डेज' लिहा. 'इन थ्री डेज' म्हटलं की बरेचदा 'तीन दिवसांनी' असं समजतात. 'बाय थ्री डेज' तर नाहीच, कारण 'बाय'ला ठरलेली वेळ लागते, कालावधी नाही.

---

शाईदौत

आणि प्रश्न विचारताना? 'कधीपर्यंत पाठवाल?'

---

तिरकी_रेघ

तिथेही क्रियापदच बघा. 'कधीपर्यंत पाठवाल' म्हणजे 'बाय व्हेन कॅन यू सेंड इट?' किंवा साधं 'व्हेन कॅन आय एक्सपेक्ट इट?' 'कधीपर्यंत थांबाल' म्हणजे 'हाऊ लाँग कॅन यू वेट?' 'अंटिल व्हेन' चुकीचं नाही, पण 'हाऊ लाँग' जास्त सहज येतं. 'टिल व्हेन यू विल सेंड' यात दोन चुका आहेत: शब्द चुकला, आणि प्रश्नात 'विल' कर्त्याच्या आधी यायला हवा तो मागे राहिला.