मदत हवी आहे: वसई, पुणे, दोहा – तीन घरांची मिळून रोझरी व्हिडिओ कॉलवर कशी जमवावी?

पायवाट

सासूबाई वसईत, मी आणि मुलं (वय 9 आणि 4) पुण्यात, नवरा दोह्यात. रोज रात्री गूगल मीटवर सगळ्यांनी मिळून रोझरी (मण्यांच्या माळेवर म्हणायची कॅथलिक प्रार्थना) म्हणायची आहे. अडचणी अशा:

सगळे एकदम म्हणायला लागलो की आवाज तुटतात, कोण कितव्या मण्यावर आहे ते कळत नाही. गुरुवारी आणि शनिवारी सासूबाईंच्या पुस्तिकेतली रहस्ये (येशू आणि मारियेच्या जीवनातले प्रसंग; रोज पाच, प्रत्येकाला दहा 'हेल मेरी') वेगळी निघतात आणि मुलीच्या कॅटेकिझमच्या (धर्मशिक्षणाच्या) वहीतली वेगळी. लितानीतही (मारियेची बिरुदं पुकारून केलेली विनवणी) ओळी मागेपुढे होतात. मुलगी 'हेल मेरी' इंग्रजीतून शिकली आहे, आजींना मराठीच हवं. धाकटा तिसऱ्या रहस्यापर्यंत टिकत नाही. आणि त्याच्या हातात दिलेली प्रत्येक माळ आठवड्यात तुटते.

नवऱ्याची ड्युटी तिथल्या सहाला संपते, म्हणजे आपले साडेआठ. जाणकारांनी कृपया नेमकं सांगावं.

बावखल

आधी आवाजाचं. कॉलवर एका घरातला शब्द दुसऱ्या घरी थोडा उशिरा पोचतो, आणि दोन ठिकाणांहून एकदम आवाज आले की ॲप त्यातला एक प्रतिध्वनी किंवा गोंगाट समजून दाबतं. त्यामुळे एकसुरात म्हणणं कॉलवर जमणारच नाही, कितीही चांगलं नेट घ्या. पण रोझरी मुळात दोन बाजूंनी म्हणायची प्रार्थना आहे. पुढाकार घेणारा अर्धी म्हणतो, बाकीचे उरलेली. तेच कडक पाळायचं.

एका रहस्याला फक्त दोन घरांचे माईक चालू. तिसरं घर माईक बंद ठेवून आपल्या घरात मोठ्यानेच म्हणेल. पहिलं रहस्य वसई सुरू करेल, पुणे उत्तर देईल. दुसरं पुणे, उत्तर दोहा. तिसरं दोहा, उत्तर वसई. चौथ्याला पुन्हा पहिल्यासारखं, पाचव्याला दुसऱ्यासारखं. हे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून तिन्ही घरी फोनशेजारी ठेवा, नाहीतर प्रत्येक रहस्याआधी "आता कोण?" यातच वेळ जातो.

मोजणी एकाच्याच हाती हवी: जो 'नमो मारिया' (मराठीतली 'हेल मेरी') सुरू करतो त्याच्या. त्याचे दहा झाले की त्यानेच 'पित्याला गौरव' ही रहस्याच्या शेवटची छोटी प्रार्थना सुरू करायची. दुसऱ्या कोणाच्या मोजणीत नऊ किंवा अकरा भरले तरी तिथे थांबून हिशेब लावत बसू नका. मध्येच कॉल तुटला तर रहस्य पहिल्यापासून घेऊ नये. उत्तर देणाऱ्या घराने त्याच मण्यापासून पुढे चालू ठेवावं, तुटलेलं घर जोडलं गेलं की येऊन मिळेल.

सासूबाईंना साधे वायरचे इअरफोन द्या. स्पीकर मोठा केला की त्यांच्या फोनमधून तुमचाच आवाज तुम्हाला परत येतो, बरीचशी गडबड तिथेच असते. आणि फोन पंख्याच्या झोतात नको.

जुनी_पुस्तिका

गुरुवार-शनिवारचं कोडं सोपं आहे. प्रकाशाची रहस्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी ऑक्टोबर 2002 मध्ये सुचवली. त्याआधीच्या पुस्तिकांमध्ये पंधराच रहस्ये असतात, आणि क्रम असा: सोमवार व गुरुवार आनंदाची, मंगळवार व शुक्रवार दुःखाची, बुधवार, शनिवार आणि रविवार गौरवाची. आताचा क्रम: सोमवार व शनिवार आनंदाची, मंगळवार व शुक्रवार दुःखाची, बुधवार व रविवार गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची. म्हणजे फरक नेमका त्या दोनच दिवशी पडतो.

आजींचं चुकलं असं मुळीच नाही. हा क्रम सुचवलेला आहे, सक्तीचा नाही. पण घराने एक ठरवावा. माझं मत: मुलांच्या वहीतला घ्या, आणि आजींच्या पुस्तिकेत प्रकाशाच्या रहस्यांची चिठ्ठी चिकटवा: येशूचा बाप्तिस्मा (मत्तय 3:13-17), काना गावचं लग्न (योहान 2:1-11), देवराज्याची घोषणा (मार्क 1:14-15), रूपांतर (लूक 9:28-36), शेवटच्या भोजनावेळी पवित्र मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेची, स्थापना (लूक 22:14-20). प्रत्येक रहस्याआधी त्यातल्या दोन-तीन ओळी मुलीने वाचाव्यात. रहस्य नुसतं पुकारून लगेच पळत सुटलं की मुलांच्या वाट्याला फक्त पन्नास 'नमो मारिया' येतात, आणि कंटाळा तिथून सुरू होतो.

लितानीचंही तसंच. जून 2020 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तीन बिरुदं वाढवली: दयेची माता, आशेची माता आणि स्थलांतरितांचा दिलासा. ती जुन्या छापील लितानीत नाहीत. तिघांनी एकाच पानाचा फोटो वापरावा. घरातला एक माणूस आखातात असताना ते तिसरं बिरुद गाळू नका, असं मनापासून वाटतं.

भाषेसाठी वेगळी चूल मांडायची गरज नाही. मुलगी आपला अर्धा भाग इंग्रजीत म्हणू दे, आजी त्यांचा मराठीत म्हणतील. अर्ध्यावर वाक्य पूर्ण होतं, त्यामुळे अडत नाही. पुढे हळूहळू एक रहस्य पूर्ण मराठीत करा.

पायवाट

माईकचा तक्ता आजच लिहिते. खूप आभार! दोन शंका राहिल्या. नवऱ्याला कधी उशीर झाला तर आम्ही दोन रहस्ये आधी आणि तीन नंतर म्हटली तर चालतं का? आणि धाकट्याला पाचही रहस्ये बसवायचं का?

तिन्हीसांज

प्रार्थना म्हणून अगदी चालतं. तुकड्यातुकड्याने म्हटलेली रोझरी वाया जात नाही. फक्त कुटुंबाने मिळून म्हटलेल्या रोझरीला जो पूर्ण इंडल्जन्स (क्षमा झालेल्या पापांची उरलेली शिक्षा माफ होणं) आहे त्याच्या अटी वेगळ्या आहेत: पाच रहस्ये सलग, तोंडाने, रहस्यांवर मनन करत, शिवाय पापनिवेदन, कम्युनियन (मिस्सात पवित्र भाकर घेणं), पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना आणि पापाची ओढ नसणं. रोज ते जमलंच पाहिजे असा ताण घेऊ नका. नवऱ्याची सुट्टी असेल तो दिवस सलग पाचांसाठी राखून ठेवा.

चार वर्षांच्या मुलाला एक रहस्य पुरे. एका रहस्याला साधारण चार मिनिटं लागतात, पाचांना सुरुवात-शेवट सोडून वीस. पहिलं रहस्य त्याचं: मेणबत्ती मोठ्यांनी लावायची, क्रुसाची खूण त्याने सुरू करायची, त्या दिवशी कोणासाठी प्रार्थना करायची ते त्याने सांगायचं. मग त्याला निजवा. मात्र साडेआठ ही त्याची पेंगायची वेळ असेल तर जेवण आणि ब्रश आधी उरका. भुकेलं किंवा पेंगुळलेलं मूल प्रार्थनेत दंगा करतं, आणि मग रोझरी म्हणजे ओरडा खायची वेळ असं त्याच्या डोक्यात बसतं.

बावखल

थोडा वेगळा सूर. नऊ वर्षांच्या मुलीला पाचही रहस्ये बसवा. भावाला उठू दिलं म्हणून तिलाही सूट दिली की महिन्याभरात एकच रहस्य उरतं. तिला वाचनाचं काम आहेच.

तिन्हीसांज

मान्य, मुलीच्या बाबतीत.

गाठ_मणी

माळेबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. तारेच्या कड्यांची माळ मूल ओढतं तेव्हा मणी फुटत नाही, कडी उघडते, कारण तिची टोकं डाग देऊन जोडलेली नसतात. दुरुस्त करताना दोन छोट्या पकडी घ्या आणि कडीची टोकं एक पुढे, एक मागे अशी फिरवून उघडा-बंद करा. बाहेरच्या बाजूला ताणली तर गोलाई जाते आणि पुढच्या ओढीला पुन्हा निसटते. जोडून झाल्यावर मणी मोजा: एकूण 59, त्यातले गोलात 54 आणि क्रुसाकडच्या शेपटीत 5. दोन-चार मणी बदलले म्हणून माळेवरचा आशीर्वाद जात नाही.

धाकट्याला मात्र मण्यांची माळ नकोच, सुटा मणी तोंडात जातो. 2 मिमी जाडीची नायलॉनची दोरी दीड मीटर घ्या. तीन वेढ्यांच्या दहा गाठी मारा, दोन गाठींमध्ये बोटाच्या पेराएवढी जागा सोडा, शेवटी थोडं अंतर ठेवून एक मोठी गाठ 'आमच्या बापा' या रहस्याच्या सुरुवातीच्या प्रार्थनेसाठी. गाठ पूर्ण आवळण्याआधी सरकवून जागेवर आणा, आवळल्यावर ती हलत नाही. टोकं मेणबत्तीवर किंचित वितळवा, नाहीतर दोरी पिंजते. दोन्ही टोकं जोडून गोल करू नका, मूल गळ्यात घालतं. सरळच ठेवा. मिस्सानंतर फादरांकडून आशीर्वाद घ्या.

दुरुस्त न होणाऱ्या जुन्या माळा कचऱ्यात टाकू नयेत. लाकडी असतील तर जाळा, बाकीच्या अंगणात पुरा. पुण्यात अंगण नसेल तर वसईला जाताना सोबत न्या.