मंडपात हंबकरच पाहिजे म्हणणाऱ्यांना

शहापूरचा स्ट्रॅटवाला: काल इथं एकानं लिहिलं, "सिंगल कॉइल घरात वाजवायला ठीक, गणपतीच्या मंडपात उभं राहायचं असेल तर हंबकरच, बाकी सगळे हौशी." वाचून डोकं फिरलं. नवीन लोकांसाठी: इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली आवाज पकडणारा पिकप असतो, एका कॉइलचा तो सिंगल कॉइल, दोन कॉइलचा तो हंबकर. माझी स्ट्रॅट, म्हणजे तीन सिंगल कॉइलवाली गिटार. बेळगावात ऑर्केस्ट्रात चौदा वर्षं वाजवतोय मी, हौशी कुणाला म्हणतोस? एका बाजूला ढोलकी, दुसऱ्या बाजूला दोन कीबोर्ड, पुढं दोन गायक, त्या गर्दीत हंबकरचा जाड आवाज कीबोर्डात विरघळून जातो. ब्रिजजवळच्या, म्हणजे तारा गिटारच्या अंगाला अडकतात तिथल्या, सिंगल कॉइलची धार मात्र शेवटच्या खुर्चीपर्यंत जाते. मी पण एकदा हंबकर टाकून बघितला होता, घोंगडीखालून वाजवल्यासारखं वाटलं, आठ दिवसांत काढला.

निपाणीचा हंबकर: ते मीच लिहिलंय आणि परत लिहीन. गायक दोन ओळींच्या मध्ये थांबला की तुमच्या गिटारची घूंऽऽ सगळ्या गल्लीला ऐकू येते, ती कसली धार? गिब्सन गिटार कंपनीच्या सेथ लव्हरनं १९५५ ला पेटंटचा अर्ज केला तो ह्याच घरघरीसाठी. दोन कॉइल एकमेकीच्या उलट, मॅग्नेट पण उलटे, घरघर तिथल्या तिथं मरते आणि तारेचा आवाज तेवढा जमा होतो. आणि घोंगडीचं म्हणाल तर पॉट (आवाज-टोनच्या बटणांखालचे) बदललेले का? स्ट्रॅटमध्ये २५०के (किलोओहम) असतात, हंबकरला ५००के लागतात, नाहीतर वरचा ट्रेबल सगळा खाल्ला जातो.

शहापूरचा स्ट्रॅटवाला: नाही बदललेले. बरं, तेवढं तुझं खरं.

खानापूर रोड: पिकपला कशाला शिव्या घालताय, आधी अर्थिंग बघा की! आमच्याकडं मंडपवाला जनरेटरवरून उघड्या वायरी आणतो आणि बोर्डात आगपेटीच्या काड्या खुपसून बसवतो. अर्थची वायर नुसती लोंबकळत असते. मागच्या वर्षी गिटार गळ्यात, डावा हात तारांवर, कोरस द्यायला माईकजवळ गेलो आणि ओठाला असा झटका बसला की दोन पावलं मागं पडलो. तोंडात लोखंडाची चव रात्रभर होती. मंडपवाल्याला सांगितलं तर म्हणतो, "चपला घालून वाजवा."

वडगाव बेस: सेम! आमच्या गायकानं माईकला रुमाल गुंडाळून अख्खा प्रोग्राम केलाय. लोकांना वाटलं सर्दी झालीय.

निपाणीचा हंबकर: विषय पिकपचा चाललाय ओ. आणि अर्थिंगनं सिंगल कॉइलची घरघर जात नाही. ती लाईटच्या ५० हर्ट्झची, ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकातून कॉइलमध्ये शिरते, मग जमिनीत दहा रॉड ठोका तरी जाणार नाही.

खानापूर रोड: मी विषय सोडलेला नाही, माणूस मरेल त्यात! आणि आवाज दोन असतात, दोन्ही एकात घालू नकोस. तारांना हात लावल्यावर कमी होतो तो अर्थिंगचा नाहीतर शील्डिंगचा (बाहेरचा आवाज अडवणाऱ्या धातूच्या आवरणाचा). गिटार घेऊन जागच्या जागी फिरलास आणि कमीजास्त झाला तर तो चुंबकाचा. मंडपात लाईटच्या डिमरची चरचर असते ती तर तुझ्या हंबकरमधून पण येते, मी ऐकलीय.

निपाणीचा हंबकर: येते थोडी. थोडीच.

शहापूरचा स्ट्रॅटवाला: आता माझं ऐका. माझ्या स्ट्रॅटचा मधला पिकप उलटा गुंडाळलेला आहे, पिकप निवडायचा स्विच दोनवर आणि चारवर टाकला की घरघर जवळजवळ जाते. गायक थांबला की मी दोनवर टाकतो, सोलोला परत ब्रिजवर. चौदा वर्षं हेच चाललंय, आणि निपाणीतला एक माणूस मला हौशी म्हणतो.

निपाणीचा हंबकर: हौशी शब्द मागं घेतो. पण दोनवर ब्रिज आणि मधला दोन्ही चालू, म्हणजे दोन कॉइल जोडूनच घरघर मारताय ना? मग सेथ लव्हरनं वेगळं काय केलं?

शहापूरचा स्ट्रॅटवाला: आवाज वेगळा आहे रे! कान आहेत का नाहीत? माझे दोन पिकप तारेच्या दोन जागांवरून ऐकतात, तुझ्या दोन कॉइल एकमेकीला चिकटून बसल्यात.

वडगाव बेस: भांडा सावकाश. खानापूरवाले दादा, ते शॉकचं टेस्टरनं आधी बघायचं कसं? आमचा प्रोग्राम परवा आहे.

खानापूर रोड: गिटार अँपला लाव, अँप चालू कर, तारांना हात लावू नको. मीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक तारेला, दुसरं माईकच्या जाळीला. काटा हलला तर वाजवायचं नाही, मंडपवाला कितीही ओरडू दे. नुसत्या टेस्टरच्या दिव्यावर विसंबू नको.