घरातलं सामान ऑनलाइन विकायचंय, लवकर हवं. मदत करा (सोलापूर)

निशिगंध_सोलापूर
कुणाला अनुभव असेल तर पटकन सांगा. घरात बरंच सामान पडून आहे. ते विकून थकलेलं लाइट बिल आणि मुलीची राहिलेली फी भरायची आहे. जाहिराती टाकून झाल्या. लोक दिवसभर "आहे का?", "फायनल किती?" एवढंच विचारतात आणि गायब होतात. घरी येऊन वस्तू बघायला कुणी तयार नाही. भाव पाडला तर फुकटात जाईल, नाही पाडला तर कुणी विचारत नाही. महिनाअखेरपर्यंत पैसे हातात पाहिजेत. भंगारवाल्याला द्या हा सल्ला नको.

विजापूररोड
ताई, सामान म्हणजे काय काय ते तर सांगा की ओ. किती जुनं, किती मागताय, कुठल्या भागात राहता, कितव्या मजल्यावर? यातलं काहीच लिहिलं नाही, मग काय सांगणार?

निशिगंध_सोलापूर
फ्रीज, घरघंटी, कूलर, लोखंडी कॉट आणि तांब्याचा बंब. सगळं चांगलं आहे. आम्ही पूर्व भागात राहतो, अशोक चौकाजवळ.

सूर्यपुत्र
बिलाचा त्रास कायमचा घालवायचा असेल तर छतावर सोलर बसवा. पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॉटला 30 हजार, दोनला 60 हजार आणि तीन किंवा जास्त किलोवॉटला 78 हजार रुपये अनुदान आहे. आमच्याकडे बसवल्यापासून बिल नावालाच येतं. सोलापूरच्या उन्हाचा उपयोग करून घ्या.

विजापूररोड
त्यांना या महिन्यात पैसे पाहिजेत, तुम्ही खर्च कुठं सांगताय?

सूर्यपुत्र
बँका कर्ज देतात. हप्ता बिलापेक्षा कमी पडू शकतो. माहिती असावी म्हणून सांगितलं.

निशिगंध_सोलापूर
घर भाड्याचं आहे. छत मालकांचं आहे. कृपया विक्रीचं सांगा.

मीटरवाले_काका
बेटा, भाड्याचं घर म्हणजे बिल मालकांच्या नावावर असणार. मी वीज खात्यातच निवृत्त झालो, म्हणून आधी बिलाचं बोलतो. वीज कायदा 2003 च्या कलम 56 प्रमाणे पुरवठा तोडण्याआधी पूर्ण 15 दिवसांची नोटीस द्यावी लागते. ती हल्ली मोबाइलवरही येते, तेव्हा मालकांना विचारून घे, त्यांच्या नंबरवर मेसेज आला आहे का. थकबाकी मोठी असेल तर उपविभागाच्या कार्यालयात जाऊन हप्ते मागता येतात. अर्जावर मालकांची सही घे. मुदतीनंतर 1.25 टक्के विलंब आकार लागतो. म्हणजे चार दिवस उशीर झाला म्हणून फ्रीज निम्म्या भावात देऊन टाकायची गरज नाही. थकबाकी किती महिन्यांची आहे?

निशिगंध_सोलापूर
दोन बिलं राहिली आहेत. मिस्टरांच्या कारखान्यात पाळ्या कमी झाल्या, पगार अर्ध्यावर आलाय. नोटिशीचं विचारते, धन्यवाद काका.

करसल्लागार_हेमंत
वस्तू विकून आलेले पैसे उत्पन्नात दाखवावे लागतील का, हा प्रश्न पुढे येईलच. प्राप्तिकर कायद्यात घरच्या वापराच्या जंगम वस्तू भांडवली मालमत्तेत धरत नाहीत. फ्रीज, कपाट, कूलर विकला तर भांडवली नफ्याचा कर नाही. दागिने, चित्रं, शिल्पं यांना मात्र ही सूट नाही. घरातलं वापरलेलं सामान विकणं हा धंदा नसल्यामुळे जीएसटीचाही प्रश्न येत नाही. निर्धास्त राहा.

विजापूररोड
फ्रीज किती लिटरचा, कधीचा, किती मागताय? तेवढं सांगा हो.

निशिगंध_सोलापूर
डबल डोअर, 260 लिटर, 2017 चा. 14 हजार लिहिले आहेत. घेतला तेव्हा 27 ला घेतला होता. बिल जपून ठेवलंय.

विजापूररोड
इथंच अडतंय बघा. एवढ्या जुन्या फ्रीजला सोलापुरात सात-आठ हजार मिळाले तर भाव चांगला म्हणायचा. जरा जास्त पैसे घातले तर सिंगल डोअर नवा मिळतो, तो पण हप्त्यावर. गिऱ्हाईक तोच हिशेब करतं. साडेआठ लिहा आणि साडेसातला सोडा.

दुसरं म्हणजे पाडव्याच्या आत विका. पाडव्याला दुकानांत एक्स्चेंज लागतं, मग जुने फ्रीज ढिगानं येतात आणि भाव पडतो. आत्ता फेब्रुवारी संपत आलाय, ऊन चढायला लागलंय. ताक-लस्सीवाले, पानटपरीवाले आत्ताच फ्रीज शोधत असतात. ते तुमच्या साइटवर नाहीत. त्यांच्यासाठी चौकातल्या किराणा दुकानात कागद लावा.

फोटो कसे काढलेत?

निशिगंध_सोलापूर
समोरून एक काढला आहे. दारावर मुलीचे स्टिकर आहेत, ते निघत नाहीत.

विजापूररोड
खोबरेल तेल लावून रात्रभर ठेवा, सकाळी कोमट पाण्याच्या फडक्यानं निघतील. मग दार उघडून, आतला दिवा चालू ठेवून फोटो काढा. मॉडेल नंबरचा आणि स्टारचा स्टिकर जवळून काढा. बर्फाच्या कप्प्यात बर्फ जमलेला दिसतोय असा छोटा व्हिडिओ टाका. "चालू आहे" असं लिहिण्यापेक्षा तो बर्फ दिसलेला बरा. बिलाचा फोटो टाकताना नाव-पत्ता झाका. आणि मजला लिहाच. जिना अरुंद आहे का?

निशिगंध_सोलापूर
दुसरा मजला, जिना अरुंद आहे.

विजापूररोड
मग जाहिरातीत तेही लिहा. खाली टेम्पोवाला उभा असताना भाव पाडून घेतात, ते टळेल. आणि नेणाऱ्याला सांगा, फ्रीज उभाच न्यायचा आणि घरी गेल्यावर काही तास थांबून मग चालू करायचा. नाहीतर दुसऱ्या दिवशी "बंद पडला" म्हणून तुम्हालाच फोन.

चंद्रभागा_मावशी
बाळा, बाकीचं काय ते विक, घरघंटी विकू नकोस. माझ्या नणंदेनं हेच केलं आणि नंतर पस्तावली. ज्वारी-गहू दळून दे गल्लीतल्यांना. आपल्याकडे घरोघरी भाकरी लागते. एक अश्वशक्तीची असेल तर तासाला सात-आठ किलो आरामात निघतं. कडक भाकरी करणाऱ्या बायका तुमच्या भागात कितीतरी आहेत, त्यांना रोज ताजं पीठ लागतं. शेंगदाणे, तीळ मात्र घालू नकोस, तेलानं जाळी बसते.

भटक्या_७७
मावशी, त्यांना आत्ता रोख पैसे हवे आहेत. गिरणी चालवून किलोमागे चार-सहा रुपये मिळणार. त्यात वीज, जाळ्या, सगळ्यांचं ऐकून घेणं. शिवाय घरगुती मीटरवर धंदा केला तर दंड होतो. वापरात नाही ती वस्तू घरातून जाऊ द्यावी.

चंद्रभागा_मावशी
वापरात नाही असं तुम्हीच ठरवलंत. तिला विचारलं का? घरघंटी एकदा गेली की पुन्हा घेणं होत नाही. बिल पुढच्या महिन्यालाही येणारच आहे, तेव्हा काय विकायचं?

भटक्या_७७
आणि दंडाचं काय?

मीटरवाले_काका
दंडाचं अर्धवट सांगू नका. मंजूर कारणाशिवाय दुसऱ्या कामाला वीज वापरली तर कलम 126 लागतं, हे खरं. पण महाराष्ट्राच्या वीज दर आदेशात सोय आहे. राहत्या घराच्या एका भागात छोटा व्यवसाय असेल, महिन्याचा वापर 300 युनिटपर्यंत आणि मागच्या आर्थिक वर्षाचा एकूण वापर 3600 युनिटपर्यंत असेल, तर घरगुती दरच लागतो. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे पाऊण किलोवॉट. तासभर चालवली तर पाऊण युनिटच्या आसपास. रोज दोन तास दळलं तरी महिन्याला पंचेचाळीस युनिट. निशिगंध, तुझा वापर किती आहे? बिलावर मागच्या महिन्यांचा तक्ता असतो, त्यात बघ. आणि मालकांना सांगितल्याशिवाय सुरू करू नकोस.

निशिगंध_सोलापूर
शंभरच्या आत-बाहेर असतो. घरघंटी सासूबाईंनी घेतली होती. त्या गेल्यापासून झाकूनच आहे. मिस्टर विका म्हणतात, माझं ठरत नाहीये.

जुनं_ते_देखणं
तांब्याच्या बंबाबद्दल कुणीच बोलत नाही! मी पुण्यात असते, जुनी भांडी गोळा करते. ताई, तोटी मूळची आहे का? आतली नळी आणि खालची जाळी शाबूत आहे का? बंब मोडीच्या भावात अजिबात देऊ नका. हल्ली हॉटेलवाले, घर सजवणारे लोक असे बंब शोधत असतात.

भटक्या_७७
पुण्याच्या लोकांना शोभेला लागतो म्हणून सोलापुरात गिऱ्हाईक येत नाही. महिनाअखेर आठवड्यावर आलाय.

जुनं_ते_देखणं
म्हणूनच म्हणते, घाईच्या वस्तूंत बंब धरू नका. फ्रीज-कूलर आधी जाऊ द्या. बंब वर्षभर ठेवला तरी त्याचा भाव उतरत नाही.

निशिगंध_सोलापूर
एक गोष्ट सांगायची राहिली. फ्रीजला गिऱ्हाईक मिळालंय. 14 हजार लगेच कबूल केले, घासाघीस नाही. सैन्यात आहेत, इथे बदली झाली आहे, ओळखपत्राचा फोटोही पाठवला. टेम्पो पाठवणार आहेत. खात्री म्हणून आधी 10 रुपये पाठवले, ते जमा झाले. आता एक कोड पाठवलाय. तो स्कॅन करून पिन टाकला की पूर्ण रक्कम जमा होईल म्हणतात. आमच्याकडे नेट नीट चालत नव्हतं म्हणून राहिलं, रात्री करणार आहे. टेम्पोचं भाडं कुणी द्यायचं असतं?

विजापूररोड
ताई थांबा! तो कोड स्कॅन करू नका. पिन तर अजिबात टाकू नका.

मीटरवाले_काका
बेटा, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन लागतो तो पैसे द्यायला. कोड स्कॅन करून पिन टाकलास की तुझ्याच खात्यातून पैसे जातील.

निशिगंध_सोलापूर
पण ओळखपत्र आहे त्यांचं. गणवेशातला फोटो आहे. 10 रुपये आलेही.

करसल्लागार_हेमंत
ते ओळखपत्र दुसऱ्याच कुणाचं तरी असतं. या फसवणुकीत सैन्याचं नाव मुद्दाम घेतात, कारण आपण जवानावर शंका घेत नाही. 10 रुपये विश्वास बसावा म्हणून. 1 ऑक्टोबर 2025 पासून एनपीसीआयने (यूपीआय चालवणारी संस्था) यूपीआयवर व्यक्तीकडून व्यक्तीला जाणारी पैशांची मागणी बंद केली, पण क्यूआर कोड चालू आहेत. आणि वस्तू न बघता, पूर्ण भावात, घाई करून 2017 चा फ्रीज कोण घेतं?

भटक्या_७७
एक करा. त्यांना सांगा, टेम्पोवाल्याच्या हाती रोख पाठवा, कोड नको. काय म्हणतात बघा.

चंद्रभागा_मावशी
काही बोलूच नकोस त्याच्याशी. सरळ नंबर बंद कर. घरात कुणी आहे का आत्ता तुझ्याबरोबर?

निशिगंध_सोलापूर
मिस्टर आहेत. रोख पाठवा म्हटल्यावर ते सैन्यातले म्हणवणारे आधी चिडले, "आमच्यावर भरोसा नाही का" म्हणाले, मग शिव्या दिल्या आणि आता फोन उचलत नाहीत. पिन टाकला नव्हता. हात थरथरतायत अजून.

करसल्लागार_हेमंत
पैसे गेले नाहीत हे फार चांगलं झालं. तरी 1930 या हेल्पलाइनवर किंवा सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तो नंबर कळवा, दुसरं कुणी वाचेल. त्याला काही कागद पाठवलेत का? आधार वगैरे?

निशिगंध_सोलापूर
नाही. फ्रीजचं बिल पाठवलं होतं, त्यावर पत्ता आहे.

विजापूररोड
हे लोक लांबून फोन करतात, दारात येत नाहीत. काळजी करू नका. इथून पुढं बघायला येणाऱ्याला दिवसा बोलवा, शेजारचं कुणीतरी घरात असू द्या. पैसे यूपीआयनं आले तर त्याच्या मोबाइलवरचं हिरवं चिन्ह बघून वस्तू सोडू नका, तसं दाखवणारी खोटी ॲप निघालीत. आपल्या बँकेत जमा दिसले की मगच.

आणि ताई, आधी तुमच्या गल्लीच्या ग्रुपवर टाका. तुमच्या भागात निम्मी घरं तेलुगू बोलतात. शेजारणीला सांगून तेलुगूत बोललेला निरोप टाका. अनोळखी माणसापेक्षा दोन गल्ल्या पलीकडचं गिऱ्हाईक बरं, उचलायला पण माणसं घेऊन येतं. कूलरचं गवत बदला, थोडक्या पैशात होतं आणि कूलर नव्यासारखा दिसतो.

चंद्रभागा_मावशी
आणि मोठी पिंपं, घागरी विकायच्या यादीत घालू नकोस हो. आपल्याकडे पाणी रोज येत नाही, उन्हाळा तोंडावर आहे.

निशिगंध_सोलापूर
सगळ्यांना कळवते. शेजारच्या काकूंनी तेलुगूत निरोप टाकला आणि त्याच संध्याकाळी कूलर गेला. फ्रीज दाजी पेठेतल्या एका लस्सीवाल्यांनी नेला, आठ हजाराला. चार पोरं घेऊन आले, जिन्यात दार काढून फिरवला. पैसे रोख मिळाले. एक बिल भरलं, दुसऱ्याच्या हप्त्यासाठी मालकांनी सही दिली. नोटीस आलेली नव्हती. फीचे शाळेत अर्धे भरले, बाकीचे पुढच्या महिन्यात.

घरघंटी साफ करून चालू केली आहे. समोरच्या दोघींनी ज्वारी आणून दिली. अजून विकायची का नाही ते ठरलेलं नाही, पण जाहिरात काढली.

बंबाचं विचारायचं होतं. तोटी मूळची आहे, नळी-जाळी आहे, बुडाला एका बाजूला डाग दिलेला (झाळलेला) आहे. चिंच लावून लख्ख करून फोटो टाकू का?

जुनं_ते_देखणं
नको, नको! घासू नका. जुनं तांबं घेणाऱ्याला तो काळपट रंगच हवा असतो. साध्या पाण्याने धुवा, पुसा, उन्हात ठेवा. आधी वजन करून घ्या आणि बाजारात मोडीचा भाव काय ते विचारून ठेवा. त्याच्याखाली कुणी मागितला तर बोलणंच थांबवा. डागाचा फोटो लपवू नका. मला वैयक्तिक निरोपात फोटो पाठवाल का? मी घेईनच असं नाही, पण घेणारे दोघं-तिघं माहीत आहेत.

पाखर_४१३
नमस्कार, मी फक्त वाचत होतो. भाचा मेडिकल कॉलेजला आहे, खोली भाड्याने घेतली आहे, त्याला कॉट हवी आहे. तुमची किती बाय किती?

निशिगंध_सोलापूर
साडेतीन बाय सहा. पाय सुटे होतात. रंग थोडा गेलाय, गंज नाही. पंधराशे.

पाखर_४१३
बाराशे चालतील का? उद्या चारनंतर रिक्षा-टेम्पो घेऊन येतो.

निशिगंध_सोलापूर
तेराशे. घराचा पत्ता निरोपात देते. रोख आणा.